जरा सरकून घ्या

जागा या विषयात मला थोडा अधिकार आहे. गैरसमज नको, माझ्या नावावर कुठे प्लॉट नाही. डोंबिवलीला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, तोही जिन्याला लागून. मी म्हणतो ती जागा वीतभर असते. कपाटाच्या वर आणि छताच्या खाली असते ती. पलंगाखालच्या ट्रंकेच्या मागे असते ती. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहिलो, शिवाय कोर्टाच्या, दवाखान्याच्या नाहीतर मुलगी दाखवण्याच्या निमित्ताने कोकणातून कोणी ना कोणी आलेलं असायचंच. पुढे चौतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. फायली दरवर्षी वाढत, कपाटं मात्र मी लागलो तेव्हा होती तेवढीच. साहेब फायलींचा गठ्ठा पुढे करून म्हणायचे, "ठेवाल ना कुठेतरी?" त्या 'कुठेतरी'त माझी सगळी नोकरी गेली.

इतका अनुभव गाठीशी असताना, वयाच्या सत्तरीला टेकलेल्या मला एका व्हिडिओ गेमच्या पोटात दोनशे-अडीचशे अक्षरांपुरती जागा शोधताना घाम फुटेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्याचं असं झालं. २०२३ साली गणपतीच्या आधी आमच्या हिने माळा साफ करायला काढला. हिचा माळा साफ करणं म्हणजे मी स्टुलावर उभं राहून एकेक वस्तू दाखवायची आणि हिने खालून "राहू दे" म्हणायचं. या 'राहू दे'च्या ओघात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात आमच्या चिरंजीवांचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. हे यंत्र निघालं २००१ साली. आमच्या घरात ते २००५ साली आलं, हिच्या भावाने अमेरिकेहून आणलेलं. तेव्हा चिरंजीव होते अकरा वर्षांचे. यंत्रात काडेपेटीहून लहान अशी एक कॅसेट बसवलेली होती: पोकेमॉन फायररेड.

चिरंजीव सध्या जर्मनीत असतात. त्यांना फोन करून विचारलं, हे टाकायचं का? पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाला, "त्यात बंडोपंत आहे का बघा."

बंडोपंत! मग मला आठवलं. हा खेळायला बसला की आमची आई त्याच्या शेजारी पाट घेऊन बसायची, आणि चष्मा पुसून पुसून विचारायची, "हा कोण रे आता?" त्या खेळात स्नॉरलॅक्स नावाचा एक अगडबंब प्राणी भर रस्त्यात आडवा झोपलेला असतो. बासरी वाजवून त्याला उठवावं लागतं. त्याला पकडल्यावर बारसं करता येतं, फक्त नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं. आईने त्याला पाहताक्षणीच 'बंडोपंत' म्हटलं. खरे बंडोपंत कोण ते आईलाच ठाऊक. रोमन लिपीत नऊ अक्षरं झाली, एक जागा शिल्लक राहिली.

तर नात, म्हणजे आमच्या लेकीची लेक, वय वर्षं चौदा, ती सुट्टीला आली होती. तिने कॅसेट वाचायचं एक छोटं यंत्र मैत्रिणीकडून आणलं, खेळ संगणकावर उतरवला, गेम बॉयचं सोंग घेणारा एक प्रोग्राम त्यावर चढवला, आणि बंडोपंत जसेच्या तसे निघाले. ११२ तास खेळ झाला होता. हिने लगेच बोटांवर मोजून "दहावीच्या वर्षात?" असं विचारलं. मी विषय बदलला. (आपल्या मालकीच्या कॅसेटची आपल्यापुरती नक्कल वेगळी, उतरवलेला खेळ लोकांना वाटत सुटणं हा गुन्हा आहे, असं नातीने बजावलं. लोक म्हणून आपण केलेल्या बदलांचीच तेवढी यादी एकमेकांना देतात म्हणे. साडी न देता नुसता फॉल द्यावा तसं.)

"आजोबा, यातली माणसं बदलता येतात," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडी आपलं बोलणं घालता येतं."

"कोणालाही आणता येतं?"

"कोणालाही. फक्त जागा पाहिजे."

जागा! मी चष्मा बदलला.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मी एवढा का हट्टाला पेटलो ते कळेल. आई गेली मार्च २०१० मध्ये, चिपळूणला, थोरल्या भावाकडे. चिरंजीवांची दहावी चालू होती. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. आम्ही दोघांनी ठरवलं की पेपर संपेपर्यंत सांगायचं नाही. मी 'ऑफिसचं अर्जंट काम' म्हणून रात्रीची गाडी पकडली. आमच्या पिढीत हे असंच करायचे. यात आपण काही वेगळं करतोय असंही वाटलं नाही. शेवटच्या पेपरानंतर त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि खोलीत जाऊन गेम लावून बसला. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती. आमच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

असो. नातीने संगणकावर ती फाईल उघडली. पडद्यावर खेळ नाही, चित्र नाही, नुसते आकडे आणि मधूनमधून ए ते एफ ही अक्षरं. "हे हेक्स," ती म्हणाली. "यात दहाऐवजी सोळावर हातचा येतो." तिला वाटलं आजोबा इथे अडणार. अगं, माझं बालपण ज्या घरात गेलं तिथे नवे पैसे येऊन वर्षं लोटली तरी वाण्याचा हिशेब आण्यातच चालायचा! रुपयाचे सोळा आणे ज्याने मोजले त्याला हेक्सचं काय कौतुक? नात थोडी हिरमुसली.

फाईलमध्ये एकूण घरं १,६७,७७,२१६. याला ते सोळा मेगाबाइट म्हणतात. या चिपा चार, आठ, सोळा, बत्तीस अशा दुपटीच्या मापातच येतात. तयार कपड्यांसारखं आहे: माणूस मधल्या अंगाचा असला तरी त्याला वरचं माप घ्यावं लागतं, आणि सदरा खांद्यात ढगळ होतो. खेळ संपूनही जी घरं उरतात त्यांत एफएफ भरलेलं असतं. कोरी चिप पुसून ठेवली की तिचे सगळे बिट १ दाखवतात, आणि असे आठ एक ओळीने ठेवले की त्यांचा एफएफ होतो. तीच ही रिकामी जागा. आमच्या फाईलमध्ये बरोबर मध्यावर, हेक्समध्ये ज्याला ८००००० म्हणतात तिथून पुढे, लांबच लांब नुसती एफएफची पंगत बसली होती. मी आयुष्यात एवढी मोकळी जागा एकदम पाहिली नव्हती. मला तर तिथे दोन खुर्च्या टाकाव्याशा वाटल्या.

पूर्वी ही चैन नव्हती. १९८५ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. त्यात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. जुन्या लुगड्याची गोधडी करणारी बाई त्या कंपनीत असणार. आणि पोकेमॉनचे १९९६ सालचे पहिले खेळ तर इतके ठासून भरलेले होते, की शेवटी चुका शोधायची अवजारं काढून टाकल्यावर जेमतेम तीनशे बाइटांची जागा झाली. शिगेकी मोरिमोतो नावाच्या प्रोग्रामरने तेवढ्या जागेत म्यू नावाचा आणखी एक पोकेमॉन गुपचूप बसवला. खेळाची तपासणी संपलेली, आता कशाला हात लावायचा नाही असा शिरस्ता, आणि हा गृहस्थ जाता जाता एक पाहुणा आत घेतो! हे ऐकल्यावर मला त्या माणसाबद्दल आपलेपणा वाटला. आमच्या चाळीत रात्री साडेदहाला पाहुणा आला तर आईही हेच करायची. आधी दाराआडची केरसुणी काढायची, म्हणजे तिथे चटईचं एक टोक जायचं.

पण मला उतावळेपणा नडला. ८००००० पर्यंत जायचीच काय गरज, असं मला वाटलं. वाटेत मला शून्यांची एक लांब रांग दिसली होती. शून्य म्हणजे रिकामं, हे तर शाळेतच शिकवलेलं. नात जेवायला गेली असताना मी तिथे आमचा मजकूर घालून टाकला. खेळ चालू झाला, पण एका चित्राच्या कोपऱ्यात खरूज उठल्यासारखे ठिपके आले.

"आजोबा! ती जागा रिकामी नव्हती!"

शून्य म्हणजे रिकामं नव्हे. चित्रात शून्य म्हणजे पारदर्शक रंग, जिथून मागचं दिसायला हवं तो भाग. आणि या खेळाच्या मजकुरात शून्य म्हणजे दोन शब्दांमधली सुटी जागा. ती खाल्ली की वाक्यं एकमेकांना चिकटतात. मी कान पकडले. कारण हाच गुन्हा मी १९६३ साली केला होता. फडताळात एक बरणी रिकामी दिसली म्हणून तिच्यात गोट्या भरून ठेवल्या. ती बरणी रिकामी नव्हती, ती लोणच्यासाठी उन्हात वाळवून ठेवलेली होती, आणि घरात कैऱ्या येऊन पडल्या होत्या. आई म्हणाली होती, "दिसतं रिकामं म्हणून असतं का रिकामं?" आणि मग पुढचं बरंच काही, जे छापण्यासारखं नाही.

शेवटी ८०००००लाच मुक्काम ठोकला. आता त्या गावात आईला आणायचं कसं? खेळ जिथून सुरू होतो त्या पॅलेट टाउनमध्ये घराबाहेर हिंडणारी माणसं दोनच: एक बाई आणि एक लठ्ठ गृहस्थ. नवं माणूस आणायचं तर माणसांची यादीच उचलून मोठ्या जागेत न्यावी लागते. त्यापेक्षा त्या गृहस्थांना जरा सरकवलं. प्रत्येक माणसाची चोवीस घरांची एक नोंद असते: रूप कोणतं, उभा कुठे, बोलणं कुठे ठेवलंय. रूपाचं एक घर बदललं आणि गृहस्थांची म्हातारी झाली. बोलण्याचा पत्ता बदलला की ती आपलं बोलणार.

पत्ता इथे उलटा लिहितात. ८०००००चा पत्ता ०० ०० ८० ०८ असा. नात म्हणाली की यात सगळे नवशिके चुकतात. मला तर हीच रीत बरोबर वाटली. आपण पाकिटावर काय लिहितो? आधी खोली नंबर, मग चाळ, मग गल्ली, शेवटी मुंबई ४. लहान आधी, मोठं नंतर. शेवटचा ०८ म्हणजे 'ही वस्तू कॅसेटमध्ये आहे' असं सांगणारं गावाचं नाव. माझे सगळे पत्ते पहिल्या फटक्यात बरोबर आले. रेकॉर्ड रूम वाया गेली नाही.

मग हुकूम. ६ए म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी थांबा. ५ए म्हणजे आलेल्याकडे तोंड कर. मग मजकूर दाखव, हो-नाही विचार, ६सी म्हणजे सुटा, ०२ म्हणजे संपलं. ५ए मला फार आवडला. आई पोळ्या लाटत असली तरी मान वळवून बघायचीच.

मजकूर काय घालायचा यावर दोन दिवस गेले. मला काहीतरी भारदस्त हवं होतं, आशीर्वाद वगैरे. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सासूबाई असं कधी बोलल्या होत्या का?" नव्हत्या. तेव्हा पहिलं वाक्य ठरलं: "जेवलास का?" 'नाही' म्हटलं तर "मग बस, पान वाढते." 'हो' म्हटलं तर "तरी थोडा भात घे." दोन्हीकडून बंडोपंत आणि मंडळींची सगळी दुखणी बरी व्हायची, तो हुकूमही जोडला. देवनागरी त्या खेळाला येत नाही. जोडाक्षरांसकट ती शिकवायला किती जागा लागेल याचा हिशेब नातीने मला करूच दिला नाही. सगळं रोमनमध्येच लिहिलं.

रात्री अकराला खेळ चालू केला. म्हातारी उभी. बटण दाबलं. ती वळली आणि म्हणाली, "जेवलास का? मग बस, पान वाढते." एका दमात! हो-नाहीचा चौकोन त्यानंतर आला.

"बग आहे," नात म्हणाली, आणि पाच मिनिटांत तिने तो शोधलाही. या खेळात मजकूर संपल्याची खूण असते एफएफ. आणि रिकाम्या जागेचाही एफएफच! पहिलं वाक्य ठेवल्यावर मी पुढची मोकळी जागा शोधली, ती सापडली नेमकी त्या पूर्णविरामावर. तो मला रिकामा वाटला आणि मी दुसरं वाक्य त्याच्या डोक्यावरच बसवलं. आता पहिल्या वाक्याला थांबायचं कुठे ते कळेना, ते सरळ दुसऱ्यात घुसलं. मोकळ्या जागेतलं पहिलं घर सोडून बसायचं, हा इथला साधा नियम आहे म्हणे.

"एक घर पुढे सरकवते," नात म्हणाली.

"थांब," मी म्हटलं.

"अहो पण आजोबा, उत्तर द्यायच्या आधीच ती पान वाढतेय. हा बग आहे."

"ही तुझी पणजी आहे."

नातीने माझ्याकडे पाहिलं, फाईल सेव्ह केली आणि झोपायला गेली.

दिवाळीत चिरंजीव आले. पाडव्याला दुपारी नातीने जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला आणि मामाला म्हणाली, "तुझा खेळ." मी शब्दकोडं घेऊन बसलो होतो, उभे शब्द आडव्यात लिहीत होतो. त्याने आधी बंडोपंत पाहिला. तेरा वर्षांपूर्वी त्याने खेळ अगदी शेवटच्या लढाईच्या दारात थांबवला होता. आता तो तिथून पुढे जाईल की काय या काळजीने माझं पेन थांबलं. नात म्हणाली, "मामा, आधी गावी जाऊन ये ना." त्या खेळात उडून गावी जाता येतं.

गाव आलं. तो घराकडे निघाला आणि थबकला.

"इथे एक जाड्या होता ना?"

कोणी काही बोललं नाही. त्याने बटण दाबलं. ती वळली. बोलली. त्याने 'हो' दाबलं. भात आला. त्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा सगळं वाचलं, या वेळी 'नाही' दाबलं. मग आणखी एकदा.

"हे एका दमात का बोलतेय?"

नात काहीतरी सांगणार तेवढ्यात तोच म्हणाला, "अशीच बोलायची." मग माझ्याकडे न बघता, "कुठे जागा मिळाली, बाबा?"

"मध्यावर," मी म्हटलं. "बरीच होती."

म्हातारी पडद्यावर इकडून तिकडे फिरत होती. तो बटणावरचं बोट न काढता म्हणाला, "मला भूमितीत किती पडले होते हो?"

मी आठवून पाहिलं. गुणपत्रिका कपाटाच्या वरच्या कप्प्यात, उजवीकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. आकडा काही केल्या आठवेना.

"मलाही आठवत नाहीत," तो म्हणाला. "सांगायला हवं होतंत."

"हो," मी म्हटलं.

आतून ही ताटं घेऊन आली. टेबलावर संगणक, फराळाचे डबे, माझं शब्दकोडं. एक ताट उजव्या हातात, दुसरं डाव्या, आणि ठेवायला तसूभर जागा नाही.

"सरका जरा," ही म्हणाली, "आणि ते बंद नका करू, नुसतं बाजूला घ्या."